जोसी अँड द पुसीकॅट्स: 1970ची बघावी की अंतराळातली?

आर्ची डायजेस्ट या कॉमिकमध्ये मधूनमधून जोसीच्या गोष्टी यायच्या, त्या आवडायच्या म्हणून आता तिचं कार्टून बघायचंय, असं असेल तर दोन मालिका समोर येतात. एक 1970ची आणि दुसरी 1972ची, 'इन आऊटर स्पेस'वाली. दोन्ही हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीच्या, दोन्ही अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर शनिवारी सकाळी लागायच्या आणि दोन्ही 16-16 भागांत आटोपल्या. जोसी, व्हॅलरी आणि मेलडी या तिघींचा बँड तोच, आणि जोसीवर कायम जळणारी जळकुकडी अ‍ॅलेक्झांड्राही तीच. मी दोन्ही पूर्ण बघितल्यात, त्यामुळे माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

पहिलीत बँड कुठेतरी कार्यक्रमाला जातो, तिथे जग जिंकायला निघालेला एखादा वेडा शास्त्रज्ञ नाहीतर हेर भेटतो आणि मग पळापळ. साचा स्कूबी-डू या कार्टूनचाच आहे, बँडचा मॅनेजर अ‍ॅलेक्झांडरला आवाजसुद्धा त्यातल्या शॅगीचा आवाज असलेल्या केसी केसमचाच आहे. पण पाठलाग सुरू झाला की गाणं लागतं ना, तिथे ही मालिका एकदम वर जाते. गाणी खरोखर चांगली आहेत, व्हॅलरीसाठी पॅट्रिस हॉलोवे गायलीय आणि मेलडीसाठी चेरी मूर, म्हणजे पुढे अभिनेत्री चेरिल लॅड म्हणून नाव कमावलेली. निर्मात्यांना तिघी गोऱ्याच हव्या होत्या, पण संगीत बघणारा डॅनी जॅन्सन पॅट्रिसला काढायला तयार झाला नाही, अडून बसला, आणि त्यामुळे व्हॅलरी कृष्णवर्णीय राहिली, शनिवारच्या कार्टूनमधली कायम असणारी तशी पहिलीच मुलगी. हे माहीत असलं की ती गाणी ऐकताना आणखी भारी वाटतं.

दुसरीत यानाच्या समारंभात अ‍ॅलेक्झांड्रा पुढे पुढे करायला जाते, तिचा हात बटणाला लागतो आणि सगळेच अंतराळात. मग दर भागात नवा ग्रह, नवे परग्रहवासी, घरी परतायची धडपड. चित्रं रंगीत आहेत, ग्रहांची कल्पनाही मजेशीर आहे, आणि व्हॅलरीच्या हुशारीला तिथे भरपूर काम मिळतं, हे मान्य करायलाच हवं.

पण माझं घोडं अडलं ते ब्लीपपाशी. मेलडीला सापडलेला हा छोटा परग्रहवासी प्राणी, बोलतो म्हणजे फक्त 'ब्लीप ब्लीप' करतो, आणि त्याचं म्हणणं एकट्या मेलडीलाच कळतं. म्हणजे तो ब्लीप करणार, मग मेलडी त्याचा अर्थ बाकीच्यांना सांगणार, मग गोष्ट पुढे सरकणार, आणि हे परत परत. एखादा भाग बघताना चालतं, पण मी सुट्टीत सलग बघायला बसलो तेव्हा त्या आवाजाने अक्षरशः डोकं उठलं, घरातल्यांनी आवाज कमी कर म्हणून सांगितलं. वर अ‍ॅलेक्झांड्राचं सेबॅस्टियन मांजर, जे पहिलीत नखाने कुलपं उघडायचं आणि कधी कुणाच्या बाजूने वळेल सांगता यायचं नाही, ते इथे मागे पडल्यासारखं वाटतं. कदाचित माझीच सहनशक्ती कमी असेल, लहान मुलांना ब्लीप गोडही वाटेल.

आणखी एक, बँड म्हटलं की ऐकणारे लोक हवेत. पहिलीत कार्यक्रम हेच फिरायचं कारण असतं, म्हणून गाणं गोष्टीतूनच येतं. अंतराळात ते मला चिकटवल्यासारखं वाटलं.

डॅन डिकार्लोने 1963मध्ये आर्ची कॉमिक्ससाठी जोसी काढली, आपल्या बायकोच्या नावावरून, त्या कॉमिकची चव ज्यांना हवीय त्यांनी पहिलीच घ्यावी असं मला वाटतं. फक्त कॉमिकमधली अ‍ॅलेक्झांड्राची जादूटोण्याची भानगड शोधू नका, ती कार्टूनमध्ये घेतलेलीच नाही. घरात रॉकेटवेडं पोर असेल तर दुसरीही लावा, पण दिवसाला एकच भाग.