सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात आप्पांची शाहिरी

शाहीर आप्पांचा आवाज आता वरच्या पट्टीत चढत नाही. तिकीट काढायच्या आधी हे माहीत असलेलं बरं, म्हणून सुरुवातीलाच सांगते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस आहे. ज्यांनी त्यांना पूर्वी गिरणीच्या गेटवर किंवा गणपतीच्या मांडवात ऐकलंय, त्यांच्या कानात तो खडा सूर अजून बसलेला असणार. तो ऐकायला म्हणून गेलात तर हिरमोड होईल. तरीही जा. उंच सूर होता तेव्हा लोक सुरालाच टाळ्या देऊन मोकळे व्हायचे. आता सगळी मदार शब्दावर आणि श्वासावर आहे, आणि ते काम या माणसाला जसं साधतं तसं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

जाहिरातीत त्यांचं नाव पूर्ण छापलं होतं, पण आमच्याकडे सगळे आप्पाच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. माझे वडील गिरणीत होते. संपाच्या सभेत पुढाऱ्याच्या भाषणाआधी शाहीर उभा राहायचा, आणि बाबा सांगायचे की माणसं खरी जमायची ती त्याच्यासाठी. बार्शीच्या शाहीर अमर शेखांचं नाव आमच्या घरात देवाच्या खालोखाल घेतलं जायचं. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभं केलं, हे मला शाळेच्या आधी बाबांकडून कळलं. आप्पा त्याच वळणाचे. पेटी-तबल्याचा थाट नाही, डफ, तुणतुणं आणि मागे झील, म्हणजे सूर धरणारे साथीदार. मी स्वतः शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाई युनिट चालवते, दिवसभर कानावर ओव्हरलॉक मशिनची घरघर असते, त्यामुळे नुसत्या मोठ्या आवाजाचं मला कौतुक नाही.

कार्यक्रमाला बरोबर सासूबाई आणि कॉलेजात जाणारी लेक होती. तिकीट खाली दोनशे, वर बाल्कनीत शंभर. वेळ सहाची होती, पडदा पावणेसातला उघडला.

पहिला अर्धा तास ठीक. गण झाला, एक भारूड झालं. ते त्यांच्या पार्टीतल्या एका तरुण मुलाने केलं आणि चांगलं केलं, अंगात नाट्य आहे त्याच्या. मग थोडा देवीचा गोंधळ. तुळजापूर इथून पन्नास किलोमीटरच्या आत, त्यामुळे आमच्याकडे गोंधळ म्हटलं की प्रेक्षक आपोआप ताठ बसतात. संबळवाल्याने दोन्ही अंगं झकास बोलती केली. लहान संबळ टणटणत होता आणि मोठा पोटातून घुमत होता. ‘आई राजा उदो उदो’ म्हटल्यावर वरच्या बाल्कनीतून जो प्रतिसाद आला, तो पैसे वसूल करणारा होता. पण दिवटी, चौक, कवड्यांच्या माळा हे सगळं स्टेजवर मांडून दहा मिनिटांत आवरलं. गोंधळ रात्रभराची गोष्ट आहे, तो दहा मिनिटांत दाखवायचाच कशाला? त्यापेक्षा नुसतं संबळवादन ठेवलं असतं तरी चाललं असतं.

आता साउंडचं. भाड्याने आणलेल्या पार्टीने माइकला ईको लावून ठेवला होता. लग्नाच्या वरातीत चालतो तो. शाहिरीत त्याने घात होतो, कारण पोवाड्यात शब्द एकापाठोपाठ एक धावत येतात आणि ईकोमुळे आधीच्या शब्दाची शेपूट पुढच्यावर पडते. भारुडातल्या निम्म्या कोट्या त्यात बुडाल्या. आप्पा पुढे आले, पहिली ओळ म्हटली, थांबले आणि शांतपणे म्हणाले, “ईको काढा ओ पोरांनो. इथं माणसं शब्द ऐकायला बसलीत.” टाळ्या पडल्या. ईको निघाला. पाच मिनिटांनी परत चढला. मग झीलकऱ्यांपैकी एक जण स्वतः विंगेत जाऊन सांगून आला, तेव्हा कुठे कायमचा गेला. ज्या पार्टीला शाहिरी आणि ऑर्केस्ट्रा यातला फरक कळत नाही, तिला असं काम देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

मधे सत्कार झाले. शाल, श्रीफळ, हार, फोटो, मग ज्यांनी शाल दिली त्यांचाही सत्कार. अर्धा तास गेला. एवढा वेळ आप्पा उभे होते. त्या वयात. खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी सासूबाईच पहिल्या रांगेतल्या एका कार्यकर्त्याला म्हणाल्या, “अरे बाळा, म्हाताऱ्याला बसव की आधी.” मग खुर्ची आली. मला या गोष्टीचा खरंच राग आला. ज्याचा सन्मान म्हणून कार्यक्रम, त्यालाच ताटकळत ठेवायचं.

मध्यंतरानंतर मात्र जे झालं त्यासाठी हा सगळा मजकूर लिहितेय.

आप्पांनी सोलापूरच्या 1930 सालच्या लढ्याचा पोवाडा घेतला. त्यांनी स्वतः रचलेला आहे. चार हुतात्म्यांचं नाव असलेल्या सभागृहात तो ऐकायचा म्हणजे अंगावर काटा येणारच, पण आप्पांनी त्या पुण्याईवर काम भागवलं नाही. सुरुवात केली ती 6 एप्रिलपासून, नगरपालिकेवर तिरंगा चढला तिथून. मग मे महिना, गांधीजींना अटक, 8 मेचा गोळीबार आणि त्यात पडलेला शंकर शिवदारे. इथपर्यंत चाल संथ होती, डफावर फक्त बोटं. मंगळवार पेठेची पोलीस चौकी आली तेव्हा पंजा उघडला.

आणि मग ते तीन दिवस. गोरे अधिकारी शहर सोडून हटले आणि लोकांनी स्वतः सोलापूर सांभाळलं ते 9, 10 आणि 11 मे. आप्पांनी “नऊ मे” म्हटलं आणि डफावर एक थाप. “दहा मे”, थाप. “अकरा मे”, थाप, आणि आता प्रेक्षकही मांडीवर थाप देत होते. मग “बारा मे” म्हटलं आणि हात वरच थांबवला. डफ वाजलाच नाही. आमच्या सगळ्यांचे हात तेवढे आपटले गेले. त्या दिवशी मार्शल लॉ लागला. टोपी घातली म्हणून, झेंडा धरला म्हणून शिक्षा झाल्या, हे त्यांनी जवळजवळ बोलल्यासारखं सांगितलं, चाल सोडून. आणि तोच ‘बारा’ पकडून थेट 12 जानेवारी 1931ला, चौघांच्या फाशीच्या दिवशी, येरवडा तुरुंगाच्या फाटकावर आणून उभं केलं. मधले आठ महिने, खटला, अपील, सगळं एका आकड्यात ओलांडलं. रचना याला म्हणतात. तरुण शाहिरांनी हे बसून शिकावं.

चौघांना चार वेगळ्या चाली दिल्यात. मल्लप्पा धनशेट्टींच्या कडव्यात घरचं बोलणं कानडीत येतं. “बर्री, कुंडरी” एवढे दोनच शब्द, दारात आलेल्या माणसाला घरात बोलावतात तसे. सासूबाई अक्कलकोट तालुक्यातल्या, माहेरची भाषा कानडी. त्यांनी चटकन माझा हात धरला आणि म्हणाल्या, “आमचा माणूस गं.” कुर्बान हुसेनच्या कडव्याला दखनी उर्दूचा बाज आहे. विशीतला पोरगा, ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवणारा. त्याच्याबद्दल आप्पांनी फार विशेषणं वापरली नाहीत, त्याचं वय तेवढं दोनदा सांगितलं. जगन्नाथ शिंद्यांना खडी चाल, श्रीकिसन सारडांना जरा ठाय, म्हणजे संथ लयीतली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी, असं भाषणात सगळेच सांगतात. इथे ते सांगावं लागलं नाही, चालीनेच कळलं. आपल्या शहरात भाजी घेताना चार भाषा कानावर पडतात, ते या पोवाड्यात जसंच्या तसं आहे.

श्वासाबद्दल सांगायचं राहिलं. ऐकणाऱ्याला झीलकऱ्यांचं “जी जी रं जी” म्हणजे नुसती सजावट वाटते. खरं तर शाहिराला दम घ्यायची जागा तीच. ओळ संपता संपता तो सूर झीलच्या हातात देतो, ते तो वर धरून ठेवतात, तेवढ्यात हा छाती भरून घेतो. आम्ही शिलाई संपताना उलटा टाका मारतो, उसवू नये म्हणून, तसा हा जोड असतो, बाहेरून दिसत नाही. आप्पांनी वयाप्रमाणे ही जागा लांबवली आहे. पूर्वी एक आवर्तन झील असेल तिथे आता दोन. आणि त्या दुसऱ्या आवर्तनात ते गप्प नसतात, प्रेक्षकांकडे बघतात, एखाद्याला मानेने विचारतात, “मग? पुढं काय झालं असेल?” त्यामुळे आपल्याला तो थांबा वाटत नाही, उत्कंठा वाटते. माझी जागा डावीकडे तिसऱ्या रांगेत होती, म्हणून त्यांच्या गळ्याची शीर आणि खांद्याचं वर-खाली होणं दिसत होतं. कळवळायला झालं आणि त्याच वेळी कौतुकही वाटलं. एकही शब्द गिळला नाही. ‘ळ’ आणि ‘ण’ असे लख्ख की बाल्कनीतल्या ओळखीच्या बाईंना मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या, सगळं कळलं.

झीलला पन्नाशीतले एक गृहस्थ आणि एक वीस-बावीसची मुलगी होती. मुलीचा आवाज पातळ पण सुरेल, आणि तिची नजर सतत आप्पांच्या हनुवटीवर. ते कधी सोडणार हे तिला तिथून कळतं. दोनदा त्यांचा वरचा सूर पोचला नाही, दोन्ही वेळा तिने तो खालून उचलून दिला, आधी ठरलेलं असल्यासारखा. तुणतुणं धरणारे काका फक्त एकाच तारेवर होते, पण दोन तास ती तार ढळली नाही. डफ मात्र वातानुकूलित सभागृहात सारखा ढिला पडत होता. विंगेतला एक मुलगा दुसरा डफ मोठ्या बल्बाजवळ धरून शेकत बसला होता आणि कडव्यांच्या मधे पटकन बदलून देत होता. ही तयारी पाहून बरं वाटलं. असलं काम करायला माणसं अजून आहेत.

शेवटी आप्पांनी थोडं शाहीर राम जोशींबद्दल सांगितलं. आपल्याच सोलापूरचे, ब्राह्मण घरातले, आणि धोंडी शाहिराच्या फडाच्या ओढीने डफ-तुणतुण्याकडे गेलेले. दोनशे वर्षांपूर्वीच्या सोलापुरात हे केवढं धाडस असेल, यावर ते मनापासून बोलले. पण तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते, लोक शेवटची बस पाहून उठत होते, आणि हा भाग अर्धवट राहिला. सत्काराचा अर्धा तास इथे लागला असता.

लेकीला आवडलं का? ती सभागृहात मोबाईल घेऊनच बसते, पण 1930च्या पोवाड्यात तो पर्समध्ये होता. बाहेर पडताना तिने ‘गझनफर’ म्हणजे काय आणि त्याचे अंक कुठे बघायला मिळतील हे विचारलं. मला सांगता आलं नाही, आप्पांच्या पार्टीतल्या कुणालाही सांगता आलं नाही. आयोजकांनी पोवाड्याचे शब्द आणि चौघांची दोन-दोन पानांची माहिती छापून दारात दहा-वीस रुपयांना ठेवली, तर पोरं नक्की घेतील. मी पहिली घेईन.

पुन्हा कार्यक्रम लागला तर डावीकडची, पुढून तिसरी-चौथी रांग धरा. अगदी पुढे बसलात तर स्पीकर कानावर येतो. लहान मुलांना घेऊन जायला हरकत नाही, भारुडात ती रमतात, मात्र मध्यंतरात त्यांना काहीतरी खायला घालून आणा, कारण खरा कार्यक्रम त्यानंतर आहे. घरात कानडी, तेलुगू किंवा दखनी बोलणारं वडीलधारं माणूस असेल तर त्याला आवर्जून न्या. तेलुगूच्या दोन ओळी होत्या, त्यांवर आमच्या मागे बसलेल्या यंत्रमागवाल्या आजोबांनी जी दाद दिली त्याचा अर्थ आम्हाला नंतर त्यांच्या सुनेला विचारावा लागला. आणि आयोजक हे वाचत असतील तर त्यांना एवढंच: आप्पांसाठी स्टेजवर खुर्ची पहिल्यापासून ठेवा, आणि पोवाडा मध्यंतराच्या आधी घ्या, त्यांचा दम ताजा असताना.