एडी करंट सेपरेटर (भंगारातले धातू वेगळे करणारं यंत्र) : बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागातल्या भंगारासाठी घ्यावा का?

ॲल्युमिनियम वेगळं काढायला जरूर घ्या, पितळेसाठी नको. माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या टोकाला आत फिरणाऱ्या रोटरवरचे निओडिमियम चुंबक मिनिटाला साधारण 3000 फेरे घेतात, धातूत भोवरा प्रवाह (एडी करंट) उठतात, ते चुंबकांना विरोध करतात आणि तुकडा पट्ट्यावरून पुढे उडतो. किती लांब, हे विद्युतवाहकता भागिले घनता यावर ठरतं. ॲल्युमिनियमचं हे गुणोत्तर तांब्याच्या दुप्पट, पितळेच्या सात-आठपट. म्हणून तांबं अधिक चांगलं वाहक असूनही ॲल्युमिनियमच पुढे पडतं! 5 मिमीखालचा चुरा मात्र फारसा हलत नाही.

आधी ड्रम मॅग्नेटने (चुंबक बसवलेल्या फिरत्या ड्रमने) लोखंड काढाच. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तुकडा पट्ट्याखाली शिरला, तर रोटरच्या कवचाला चिकटून लालबुंद तापतो आणि कवच जाळतो. फाउंड्रीच्या आवारात बीड सगळीकडे सांडलेलं असतं. पट्ट्याच्या कडा रोज तपासा.