स्पेनला भाषा शिकायला जाताय? होस्ट फॅमिलीचे पैसे भरण्याआधी हे वाचा

मी पुण्याची. स्पॅनिशचं बी-वन म्हणजे मधल्या पातळीपर्यंतचं शिक्षण इथेच झालं आणि पुढचं स्पेनमधल्या सालामांका शहरात जाऊन करायचं ठरवलं. पुण्यातल्या कंपन्यांत स्पॅनिशवाल्यांना कामं मिळतात, पण त्यावरच्या बी-टू किंवा सी-वन पातळीचं प्रमाणपत्र हातात असेल तर पगारात चांगलाच फरक पडतो, हे आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी स्पेनला निघतं आणि त्यांच्या मागेमागे एजंट फिरत असतात. त्यातल्याच एकाने माझे सहा लाखांच्या वर रुपये गिळले. फसवणूक झाली ती फक्त राहण्याजेवणाच्या पैशांत, आणि पुढच्यांनी नेमकं तिथेच सावध राहायला हवं.

कोर्सच्या बाबतीत त्याने कुठेही खोट ठेवली नव्हती. संस्था खरी होती. स्पॅनिशच्या प्रसारासाठी स्पेन सरकारने स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेसच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तिचं नाव आम्ही स्वतः पाहिलं होतं. ही यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. शिकवणीची फी आईच्या खात्यातून बँकेमार्फत थेट संस्थेच्या स्पेनमधल्या खात्यात गेली, तिची पावती आली, प्रवेशाचं पत्रही आलं. एवढं सगळं चोख झाल्यावर त्याने होस्ट फॅमिलीचा, म्हणजे पैसे घेऊन विद्यार्थ्याला घरात ठेवून घेणाऱ्या तिथल्या कुटुंबाचा, विषय काढला. ‘राहण्याचे पैसे संस्था घेत नाही, फॅमिलीला वेगळे द्यावे लागतात. माझ्याकडे रुपयांत भरा, मी तिकडे पोचवतो, तुमचा टीसीएस आणि बँकेचा खर्च वाचेल,’ असं तो बाबांना म्हणाला. आठ महिन्यांचे, सकाळ-संध्याकाळच्या जेवणासह, साडेसहा लाख. पैसे त्याच्या इथल्याच करंट खात्यात गेले.

टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. हे कारण ऐकायला पटतं, म्हणून आधी त्याबद्दल सांगते. एप्रिल 2025पासून एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या 10 लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस लागतच नाही. आईच्या खात्यातून फी आणि बाबांच्या खात्यातून राहण्याचे पैसे पाठवले असते तर एक रुपयाही कापला गेला नसता. आणि कापला गेला तरी तो आपल्याच आयकरात जमा धरला जातो. एजंट जे ‘वाचवून’ देतो म्हणतो, ते बुडणारच नसतं.

पैसे आगाऊ भरण्याचं त्याने दिलेलं दुसरं कारण याहून पक्कं होतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर थोड्या मुदतीचा शेंगेन व्हिसा चालत नाही, स्पेनचा विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी महिन्याला 600 युरोच्या हिशेबाने पैशांची सोय दाखवावी लागते. मात्र राहण्याचे पैसे आगाऊ भरले असल्याचं पत्र जोडलं, की तेवढी रक्कम त्यातून वजा होऊ शकते. हे खरं आहे आणि त्याला ते नेमकं ठाऊक होतं. आठवड्याभरात त्याने संस्थेच्या लेटरहेडवर तसं पत्र आणून दिलं. घराचा पत्ता, मालकीणबाईंचं नाव, ‘संपूर्ण मुदतीचे पैसे मिळाले’ असा मजकूर, खाली संस्थेचा शिक्का. व्हिसा मिळाला. शंका घ्यायला कुठे जागाच नव्हती.

सालामांकातलं ते घरही खरंच होतं. प्लाझा मायोर या मुख्य चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पेन्शनीत आलेल्या एकट्या बाई राहत होत्या. चार खोल्यांपैकी तीन त्यांनी भाड्याने दिलेल्या. इतर दोघी कोरियाच्या आणि जर्मनीच्या, त्यामुळे आमचं आपापसातलं बोलणं इंग्रजीत. बाई रात्री साडेनऊला टेबलावर ताटं मांडून आपल्या खोलीत टीव्ही बघायला जायच्या. मी शाकाहारी आहे हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. पहिल्या रात्री मसूर दिसला म्हणून बरं वाटलं, चमचा घातला तर त्यात चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे, तुकडे. बाईंनी लगेच अंडी करून दिली, त्यांचा काहीच दोष नव्हता. पण ‘शाकाहारी जेवण देणारी फॅमिली’ म्हणून आमच्याकडून आठवड्याला वेगळे पैसे घेतले होते.

दोन आठवडे झाल्यावर बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मेणकापडावर एक वही उघडून ठेवली होती, निळ्या पेनाने प्रत्येक मुलीच्या नावापुढे तारखा आणि रकमा लिहिलेल्या. माझ्या नावापुढे दोनच आठवड्यांचे पैसे होते. पुढच्या ओळी रिकाम्या. ‘पुढचं भाडं तू देणार ना?’ असं त्यांनी अगदी सरळ विचारलं. मी मोबाइलवर पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, असं पत्र मी कुणाला दिलेलं नाही आणि त्या संस्थेशी माझा काही संबंधही नाही. एजंटने इंटरनेटवरची जाहिरात बघून त्यांची खोली घेतली होती.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात गेले. तिथल्या सचिवबाईंनी माझी फाइल काढली. बिलात फक्त शिकवणी होती, राहण्याची ओळच नव्हती. मग त्यांनी प्रवेशाचं खरं पत्र आणि राहण्याचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हींवरचा शिक्का अगदी एकाच कोनात तिरका, डाव्या कडेला शाई फुटलेली तीसुद्धा त्याच जागी. खऱ्या पत्रावरचा शिक्का कॉम्प्युटरवर उचलून खोट्यावर बसवला होता. मला पैशांपेक्षा मोठी भीती तेव्हा वाटली, कारण तो कागद माझ्या व्हिसाच्या फाइलमध्ये माझ्या सहीने जमा झाला होता.

त्यात आणखी एक अडचण. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला तिथे पोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी मला महापालिकेत राहत्या पत्त्याची नोंद हवी होती. त्या नोंदीला घरमालकाची लेखी संमती लागते. बाई द्यायला तयार नव्हत्या, कारण खोल्यांचं भाडं त्या हिशेबात दाखवत नव्हत्या. म्हणजे पुढचे पैसे दिले असते तरी त्या घरात माझे कागद पूर्ण झालेच नसते.

संस्थेने साथ दिली हे मुद्दाम सांगते. त्यांनी पत्र बनावट असल्याचं लेखी दिलं, माझ्याबरोबर पोलिसांत तक्रार द्यायला माणूस पाठवला आणि त्यांच्या स्वतःच्या यादीतल्या कुटुंबाकडे माझी सोय केली. राहण्याची सोय संस्था करतच नाही, हे एजंटचं पहिलं वाक्यच खोटं होतं. करते, आणि त्याचे पैसे शिकवणीबरोबर एकाच बिलात घेते. नव्या घरी दुपारी अडीच-तीनला सगळे एकत्र जेवायला बसायचे. आजोबा बातम्यांवर तावातावाने बोलायचे, धाकटी मुलगी त्यांना अडवायची आणि दोघंही मला ‘तुझं काय मत?’ म्हणून मध्ये ओढायची. माझी भाषा सुधारली ती त्या टेबलावर. होस्ट फॅमिलीसाठी खोलीपेक्षा जास्त पैसे मोजायचे ते यासाठीच. एजंटने ते पैसे घेऊन मला एक भाड्याची खोली दिली होती, हा राग अजून गेलेला नाही. बाबांना दुसऱ्यांदा पैसे उभे करावे लागले, त्याची तर भरपाईच नाही.

ज्यांचं जायचं ठरतंय त्यांनी पैसे भरण्याआधी एवढं करा. संस्थेला स्वतःच्या ईमेलवरून लिहा आणि विचारा: माझ्या नावावर राहण्याची नोंद आहे का, कोणत्या कुटुंबाकडे, किती मुदतीची, त्याच घरात आणखी किती विद्यार्थी आहेत, घरात माझ्या भाषेचा किंवा इंग्रजी बोलणारा दुसरा कोणी आहे का, आणि पत्त्याच्या नोंदीला संमती मिळेल का. ईमेलचा पत्ता एजंटने दिलेल्या कागदावरून घेऊ नका, संस्थेच्या संकेतस्थळावरून घ्या. सर्व्हांतेसची मान्यता संस्थेला असते, एजंटला नाही, हे त्याच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे बघताना लक्षात असू द्या. पैसे मागणारं खातं संस्थेच्या नावाचं नसेल, तर तिथेच थांबा.

आमची तक्रार पुण्यात पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318खाली, म्हणजे पूर्वीच्या 420खाली, नोंदवली आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. तिथे वकील लागतोच असं नाही, आमच्या रकमेला फी 200 रुपये होती आणि फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. आमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. त्या एजंटने आमच्या आधी आणखी दोन कुटुंबांना असंच पत्र दिल्याचं आता पुढे आलं आहे. त्यातली एक मुलगी अजून निघालेली नाही, आणि तिच्या व्हिसाच्या अर्जातून तो कागद वेळेत काढून घेतला आहे.