कूलंटचा दाब: दिवा पुरेल की आकडा हवा?

घरी बांधलेल्या विमानात माझदाच्या १३बीसारखं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं) बसवणारा कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचं गेज लावतोच. दाबाचा विचार येतो तो पॅनलवर जागा उरलेली नसताना. पण तापमान उशिरा बोलतं. होज फुटून कूलंट गेलं, की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. इंजिन तिकडे भाजून निघत असतं. दाब मात्र त्याआधीच पडलेला असतो. त्यामुळे दाब बघायचा की नाही, यावर मी वाद घालणार नाही. प्रेशर स्विच आणि लाल दिवा घ्यायचा, की सेन्सर आणि आकडा, एवढंच ठरवायचं आहे.

स्विचचं काम सरळ असतं. दाब ठरावीक पातळीखाली, समजा ५ पीएसआयखाली (पौंड प्रति चौरस इंच) गेला, की दिवा लागतो. सेटिंग नाही, मेनू नाही. शिवाय थंड इंजिनात दाब शून्य असल्यामुळे सुरू करताना दिवा लागलेला असतो आणि इंजिन गरम झालं की विझतो, म्हणजे दर उड्डाणाला दिव्याची चाचणी फुकटात होते. पण एक खोट त्रासदायक: थ्रॉटल ओढून लांब उतरताना कूलंट गार होतं, दाब घसरतो आणि काही बिघडलेलं नसताना दिवा लुकलुकतो. असं चार वेळा झालं, की पाचव्यांदा त्याच्याकडे कोण बघणार?

सेन्सर म्हणजे बहुधा ०–३० पीएसआयचा, तीन वायरींचा. ५ व्होल्ट घेतो आणि ०.५ ते ४.५ व्होल्ट परत देतो. शून्य दाबालाही अर्धा व्होल्ट येत असल्यामुळे वायर तुटली तर ते वेगळं कळतं. इंजिन मॉनिटरमध्ये एक चॅनल रिकामा असेल तर अलार्म वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही मर्यादांना लावता येतो.

रोटरीत वरची मर्यादा का महत्त्वाची, ते या इंजिनाच्या बांधणीत आहे. अ‍ॅल्युमिनियमची रोटर हाउसिंग आणि लोखंडी साइड हाउसिंग एकाआड एक रचून लांब बोल्टांनी आवळलेली असतात, आणि मधल्या कूलंट सीलवर सगळी भिस्त असते. इंजिन एकदा प्रमाणाबाहेर तापलं, की ही सील दगा देऊ शकतात. मग ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आणि दाब पडण्याऐवजी चढतो. रेडिएटरचं १३ पीएसआयला उघडणारं झाकण उघडतं, कूलंट ओव्हरफ्लोत फेकलं जातं, आणि दिव्याच्या लेखी सगळं आलबेल! आकडा समोर असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर तापमान जागचं हलायच्या आत दाब वर गेलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असूनही काही पीएसआय शिल्लक असले, तर संशय पक्का. माझं मत सेन्सरकडे झुकतं ते एवढ्यासाठीच.

उंचीचा हिशेब मात्र दोन्हींत आपल्यालाच करावा लागतो. साधा सेन्सर आणि स्विच बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतात, पण उत्कलनबिंदू एकूण दाबावर ठरतो. १०,००० फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ४.६ पीएसआयने कमी असतो. म्हणजे गेजवर तेच १३ दिसत असले, तरी पाणी ५-६ अंश आधी उकळतं.

जोडणीची जागा निवडताना घाई नको. पंपाच्या पुढे टॅप (दाब मोजण्यासाठी काढलेलं तोंड) घेतला तर पंपाचा रेटाही आकड्यात मिसळतो आणि आरपीएमबरोबर आकडा नाचतो. एक्स्पान्शन टँकजवळ तो शांत राहतो. सेन्सर थेट इंजिनावर बसवू नका, कंपनं त्याला खातात. ब्रेडेड होजने फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांमधली भिंत) आणा आणि टॅपमध्ये जेमतेम १ मिलिमीटरच्या छिद्राचा रिस्ट्रिक्टर घाला, म्हणजे ती होज फुटली तरी कूलंट हळूहळू जाईल. गरम कूलंटची नळी थेट कॉकपिटमध्ये आणणारं यांत्रिक गेज मी विचारातही घेत नाही.

पॅनल अगदी साधं असेल आणि आज स्विचच परवडत असेल, तर तो लावा. फक्त टॅपवर टी-फिटिंग बसवून दुसरं तोंड प्लगने बंद ठेवा. सेन्सर घ्याल तेव्हा कूलिंगची जोडणी पुन्हा उघडावी लागणार नाही.