गेममधली फोटोग्राफी सुरू करायचीय: फोटो मोड, गेममधलाच कॅमेरा की पीसीवरची टूल्स?

मिशन बाजूला टाकून, घोडा नदीकाठी उभा करून, नुसता कॅमेरा गोल गोल फिरवत बसायची सवय लागली असेल तर तुम्ही व्हर्च्युअल फोटोग्राफी ऑलरेडी करताय, फक्त अजून तसं म्हणत नाही आहात. आता जरा मनावर घेऊन करायचं ठरवलं की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, सगळ्यात भारी ग्राफिक्स कुठल्या गेमचे? माझ्या मते हा प्रश्नच गंडलेला आहे. ग्राफिक्स बऱ्याच गेमचे पुरेसे चांगले असतात, आणि सगळ्यात वास्तव दिसणाऱ्या गेममध्येही लोक सूर्यास्तासमोर पाठमोरा हिरो उभा करून तोच एक फोटो काढतात. खरा फरक कशाने पडतो, तर फोटो काढताना गेममधला वेळ थांबतो का, आणि थांबत असेल तर तो थांबवणारा कोण. यावरून तीन वेगवेगळे छंद तयार होतात, नाव एकच असलं तरी.

एकच सीन घेऊ म्हणजे तुलना नीट होईल. पहाट, थोडं धुकं, समोरून एक घोडेस्वार येतोय.

फोटो मोड असलेल्या गेममध्ये तुम्ही बटण दाबता आणि जग जागच्या जागी गोठतं. घोड्याचा पाय हवेत, धुरळा हवेत. आता निवांत कॅमेरा खाली न्या, लेन्स बदला, मागचं ब्लर करा, आवडलं नाही तर सगळं पुसून परत. गेमच्या आतल्या कॅमेऱ्याने, म्हणजे कॅरेक्टरच्या हातात जो कॅमेरा किंवा फोन असतो त्याने काढायचं तर स्वार थांबणार नाही, तो येणार आणि निघून जाणार, तुम्ही आधीच योग्य जागी उभं असायला पाहिजे. आणि पीसीवरची टूल्स असतील तर तुम्ही स्वार थांबवाल, कॅमेरा त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवाल, धुकं वाढवाल, मग लक्षात येईल की सावल्या तुटक दिसतायत म्हणून सेटिंग्जमध्ये घुसाल आणि तासाभराने फोटो राहिलेला असेल पण सावल्या मात्र एक नंबर झालेल्या असतील.

फोटो मोडपासून सुरुवात करू कारण बहुतेकांसाठी तोच दरवाजा आहे. ही कल्पना नवी नाही, प्लेस्टेशन २ वरच्या ग्रॅन टुरिस्मो ४ मध्ये २००४ सालीच गाड्यांचे फोटो काढायची सोय होती. पण २०१४ नंतर, इन्फेमस सेकंड सन आणि द लास्ट ऑफ अस रीमास्टर्ड यांच्यात फोटो मोड आला तिथून मोठ्या गेममध्ये तो असायलाच हवा असं हळूहळू होत गेलं. आता तर गेम रिलीज झाला आणि फोटो मोड नसला की लोक ओरडतात, आणि स्टुडिओ एक-दोन महिन्यांनी अपडेटमध्ये देतात.

पण सगळे फोटो मोड सारखे नसतात आणि इथेच निवडताना घोळ होतो. घोस्ट ऑफ सुशिमाचा फोटो मोड बघा, २०२० चा गेम, त्यात तुम्हाला वाऱ्याची दिशा आणि जोर बदलता येतो, पानं उडवता येतात, दिवसाची वेळ आणि हवामान बदलता येतं, आणि वर माणूस गोठलेला ठेवून गवत मात्र हलतं ठेवता येतं. म्हणजे तुम्ही फोटोग्राफर कमी आणि सेटवरचे डायरेक्टर जास्त. याउलट रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये (फोटो मोड तिथे २०१९ मध्ये पीसी व्हर्जनबरोबर आला) लेन्स, फोकस, एक्स्पोजर, फिल्टर सगळं आहे, पण सूर्य हलवता येत नाही. सोनेरी उजेड पाहिजे तर संध्याकाळ व्हायची वाट बघा, तंबू टाकून झोपा, उठा, ढग आले असतील तर उद्या या. मला विचाराल तर रेड डेडचे फोटो बघताना जे एक वजन जाणवतं ते यामुळेच, तिथे उजेड मिळवावा लागतो. सुशिमात सुंदर फोटो इतक्या पटकन येतात की पन्नास फोटो काढल्यावर सगळे एकमेकांचे जुळे भाऊ वाटायला लागतात. सुरुवात करणाऱ्याला मात्र सुशिमाच सांगेन, कारण उजेड कुठून आला की चेहऱ्याचं काय होतं हे तिथे पाच मिनिटांत स्लायडर सरकवून कळतं.

गेमची फोटोग्राफी करून खरा कॅमेरा शिकता येईल का, हे पण बरेच जण विचारतात. अर्धवट येईल. फ्रेमिंग, उजेडाची दिशा, लांब लेन्सने पार्श्वभूमी जवळ ओढली जाते आणि वाइड लेन्सने नाक मोठं दिसतं, हे सगळं जसंच्या तसं कामाला येतं. एक्स्पोजर येणार नाही, कारण बहुतेक फोटो मोडमध्ये अ‍ॅपर्चर (खऱ्या लेन्समध्ये उजेड आत सोडणारं भोक) म्हणून जो स्लायडर असतो तो फक्त ब्लर कमी-जास्त करतो, त्याने फोटो उजळ किंवा अंधारा होत नाही, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वगैरेचा हिशोबच नसतो. ब्लर पण खोटाच, केसांच्या कडेला बघा, तिथे चोरी लगेच पकडली जाते. गाड्यांची आवड असेल तर ग्रॅन टुरिस्मो ७ या बाबतीत बराच वरचढ आहे, त्याच्या स्केप्स नावाच्या फोटोच्या विभागात जगभरातल्या २५०० पेक्षा जास्त खऱ्या जागांचे फोटो आहेत, त्यात तुमची गाडी ठेवायची, शटर स्पीड कमी करून पॅनिंग करायचं, म्हणजे कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा, मागचा रस्ता लांब रेषांमध्ये पसरतो आणि गाडी धारदार राहते. रेसिंग अजिबात न करता हा गेम फक्त यासाठी चालू करणारे लोक आहेत आणि त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही.

फोटो मोडचा त्रास एकच पण मोठा, कॅमेऱ्याला दोर बांधलेला असतो. कॅरेक्टरपासून ठराविक अंतराच्या पुढे तो जात नाही, कटसीन (गोष्ट पुढे नेणारे मधले सिनेमासारखे सीन) चालू असताना फोटो मोड बऱ्याच गेममध्ये उघडतच नाही, आणि नेमका हवा तो अँगल त्या अदृश्य भिंतीच्या दोन पावलं पलीकडे असतो.

आता गेममधला कॅमेरा. लोक याला हलकं समजतात, कंट्रोल कमी म्हणून. माझं मत उलटं आहे, नजर इथेच तयार होते. जीटीए ५ घ्या, २०१३ चा गेम, कॅरेक्टरच्या खिशातल्या फोनने फोटो काढायचे, बस. आयरिश कलाकार अ‍ॅलन बटलर यांनी त्या फोनने गेममधल्या शहरातल्या बेघर लोकांचे फोटो काढून 'डाउन अँड आउट इन लॉस सँटोस' नावाची अख्खी मालिका केली. डेव्हलपरने रस्त्यावरची गर्दी भरायला टाकलेली ही माणसं, त्यांच्याकडे खेळताना कोणी वळूनही बघत नाही. बटलर चालत त्यांच्याजवळ गेले, फोन वर केला आणि काढला फोटो. गोठवलेल्या जगात उडत्या कॅमेऱ्याने हे काम झालं नसतं असं नाही, पण तसं सुचलं नसतं असं मला वाटतं. समोरच्याच्या उंचीवर उभं राहून, तो तोंड फिरवायच्या आत फोटो काढायचा, हा वेगळाच सराव आहे.

या प्रकारात फक्त फोटोग्राफीवर बेतलेले गेम पण येतात आणि ज्यांना मारामारीचे मोठे गेम झेपत नाहीत किंवा आवडत नाहीत त्यांनी इथूनच आत यावं. टोएम, २०२१ चा, ब्लॅक अँड व्हाइट चित्रांचा छोटा गेम, लोकांना काय काय हवंय त्याचे फोटो काढून द्यायचे, एका वीकेंडचं काम, कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो. उमुरांगी जनरेशन जरा तिखट आहे, न्यूझीलंडमधल्या तौरंगा शहराचं भविष्यातलं रूप, जग कोसळत चाललंय आणि तुम्हाला यादी मिळते की अमुक लेन्सने तमुक गोष्ट फ्रेममध्ये आणा. काय बिघडलंय हे कोणी बसवून सांगत नाही, ते फोटो काढता काढता तुमच्याच फ्रेममध्ये दिसायला लागतं. २०२१ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये याला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालंय.

एक इशारा मात्र. जे गेम फोटोला मार्क देतात त्यांच्या मार्कांच्या नादी लागू नका. १९९९ च्या पोकेमॉन स्नॅपमध्ये गाडी आपोआप पुढे जायची, एका फेरीत ६० फोटो, आणि पोकेमॉन बरोब्बर मधोमध असला की मार्क दुप्पट. मजा जाम यायची, पण कायम मधोमध ठेवायची जी खोड लागते ती मोडायला नंतर वेळ लागतो.

तिसरा रस्ता पीसीचा. याची सगळ्यात साधी पायरी म्हणजे गेममध्येच लपलेल्या कमांड. स्कायरिम २०११ चा आहे, कन्सोल (गेममधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडून टीएफसी टाइप केलं की कॅमेरा मोकळा, त्यापुढे स्पेस देऊन १ टाकला की जगही थांबतं, आणि टीएम टाकलं की स्क्रीनवरचे मेनू गायब. माइनक्राफ्टमध्ये तर एफ१ ने सगळे आकडे लपतात आणि एफ२ ने फोटो. एवढ्यावर पण लोक कमाल करतात, आणि जुना पीसी असेल तर हे पुरे आहे. पुढची पायरी रीशेड, फुकट आहे, गेमच्या चित्रावर रंग, ग्रेन, ब्लर असं सगळं चढवतं. त्यापुढे खास एकेका गेमसाठी बनवलेली कॅमेरा टूल्स, दोर तोडणारी. आणि मग हॉटसॅम्पलिंग, म्हणजे फोटो काढण्यापुरती गेमची विंडो तुमच्या मॉनिटरपेक्षा कितीतरी मोठ्या रिझोल्यूशनला ताणायची, ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं, गेम मिनिटभर गुदमरतो, पण फोटो असा येतो की प्रिंट काढून भिंतीवर लावा.

एल्डन रिंगसारख्या गेममध्ये फोटो मोडच नाही, तिथे टूल्सशिवाय पर्याय पण नाही. पण हे सगळं सिंगल प्लेअरसाठी, ऑफलाइन. ऑनलाइन गेममध्ये अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) चालू असताना असलं काही जोडलंत तर ते तुम्हाला फोटोग्राफर समजणार नाही, चीटर समजेल, आणि अकाउंट बॅन झालं तर समजावत बसा. रीशेडवाल्यांनी सुद्धा मल्टिप्लेअरमध्ये डेप्थची, म्हणजे कुठली वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे याची माहिती वापरणारे इफेक्ट बंद ठेवलेत ते उगाच नाही. शिवाय गेमला अपडेट आला की टूल बंद, मग टूलच्या अपडेटची वाट बघा. ज्यांना खुडबुड करायला आवडतं त्यांना हा त्रास वाटत नाही, ज्यांना नाही आवडत ते दोन आठवड्यांत छंद सोडतात.

फाइलचं थोडक्यात. निन्टेंडो स्विचचा स्क्रीनशॉट ७२० पीच येतो, फोनवर बघायला ठीक, प्रिंटला नाही. पीएस५ वर ४के येतो आणि जेपेगऐवजी पीएनजी (दर्जा न घटवता सेव्ह होणारा फॉरमॅट) निवडता येतो, निवडाच. स्टीमवर (पीसी गेम विकत घेऊन चालवायचं अ‍ॅप) एफ१२ ने जेपेग सेव्ह होतो, सेटिंग्जमध्ये अनकंप्रेस्ड कॉपीचा पर्याय आहे तो चालू करा. फोटो दुसरीकडे टाकल्यावर धुतल्यासारखे फिके दिसत असतील तर बहुतेक वेळा गेममधलं एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं सेटिंग) चालू राहिलेलं असतं. आणि शेअर करायला अडचण शक्यतो येत नाही, पण प्रिंट विकायचा विचार असेल तर त्या गेमच्या अटी आधी वाचा, ते जग दुसऱ्याने बनवलंय.

मग घ्यायचं काय? हातात आधीच एखादा फोटो मोडवाला गेम असेल तर नवीन काहीच घेऊ नका, तोच उघडा आणि हिरोचा एकही फोटो न काढता एक संध्याकाळ घालवून बघा, नुसत्या खिडक्या, बाजूला उभी माणसं, पाण्यातलं प्रतिबिंब. गेमर नसाल तर टोएम. रस्त्यावरची फोटोग्राफी आवडत असेल आणि वाट बघायचा कंटाळा नसेल तर जीटीएचा फोन किंवा उमुरांगी. टूल्स सगळ्यात शेवटी, तीही फोटो मोडचा दोर एकाच गेममध्ये परत परत आडवा यायला लागला की मग, आणि फक्त त्या एका गेमपुरती.