१९५७ चा मोसम पुन्हा खेळायचाय? स्ट्रॅट-ओ-मॅटिक, ॲप्बा की आउट ऑफ द पार्क?

बेसबॉलचा जुना मोसम फाशांवर किंवा संगणकावर घरबसल्या पुन्हा खेळायचा तर माझी पहिली पसंती १९५७ च्या नॅशनल लीगला, म्हणजे अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीला. ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स या दोघांचंही न्यूयॉर्कमधलं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी एकाने लॉस एंजलिस गाठलं, दुसऱ्याने सॅन फ्रान्सिस्को. हँक आरोनचे ४४ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके), पिचर म्हणजे गोलंदाज वॉरन स्पानचे २१ विजय आणि ९५-५९ अशी कामगिरी करून पहिले आलेले मिलवॉकी ब्रेव्ह्ज, ज्यांनी मग वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगांच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीत, यांकीजनाही हरवलं.

लीगमध्ये आठच संघ, प्रत्येकाचे १५४ सामने, एकूण ६१६. आधी हा आकडा नीट बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो. फाशांवर एक सामना अर्ध्या तासात उरकला तरी अख्ख्या लीगला तीनशेवर तास लागतात. फक्त ब्रेव्ह्जचे सामने खेळायचे तर ७७ तास. रोज रात्री जेवणानंतर एक सामना धरला तर पाच महिने, म्हणजे खरा मोसम चालला जवळपास तेवढेच.

फाशांच्या खेळांत दोन नावं मोठी. ॲप्बा थोरला: पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या जे. रिचर्ड साइट्झ यांनी तो १९५१ मध्ये बाजारात आणला. स्ट्रॅट-ओ-मॅटिक हॅल रिचमन यांचा, १९६१ चा. दोन्हींत प्रत्येक खेळाडूचं त्या मोसमाच्या आकडेवारीवरून बनवलेलं कार्ड असतं, आणि दोन्ही एकट्याने खेळता येतात. शाळेत बाकाखाली पुस्तकाची पानं उलटून बुक क्रिकेट खेळलेल्या माणसाला यातली मजा वेगळी सांगायला नको. फरक एवढाच की इथे पान कुणाचं उघडलं याला अर्थ असतो.

ॲप्बात दोन फासे, एक मोठा लाल, एक छोटा पांढरा. लाल दशक, पांढरा एकक. म्हणजे ११ ते ६६ मधले ३६ आकडे. ६६ पडले की ताकदवान फलंदाजाच्या कार्डावर बहुधा होमरनचा आकडा निघतो, आणि जुने ॲप्बावाले हे ६६ पडताना हमखास खुर्चीत सरसावून बसतात. कार्डावर मिळालेला आकडा तक्त्यात बघायचा. बेसवर कोण कुठे उभा आहे त्याप्रमाणे तक्ता वेगळा. महिन्याभरात निम्मे तक्ते तोंडपाठ होतात आणि मग सामना झपाझप पळतो.

खटकतं ते पिचरच्या बाबतीत. मूळ खेळात त्याला अ, ब, क, ड या धर्तीची एक श्रेणी आणि जोडीला स्ट्राइकआउट (फलंदाजाला तीन स्ट्राइकमध्ये बाद करणं), कंट्रोल (चेंडूवरचा ताबा) यांची एखाद-दुसरी खूण, एवढंच. फलंदाजाच्या कार्डावरचे काही ठरावीक आकडे कच्च्या पिचरसमोर हिट (बेस मिळवून देणारा फटका) आणि वरच्या श्रेणीसमोर आउट ठरतात. हिशोबाला हे पुरतं, वर्षाच्या शेवटी सरासऱ्याही ठीकठाक जुळतात. पण स्पान मैदानात आहे असं वाटत नाही. क्षेत्ररक्षणाचंही तेच: नऊ जणांच्या गुणांची बेरीज करून संघाला एक दर्जा. सेंटरफिल्डमध्ये (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध) जायंट्सचा विली मेज उभा असून तो बेरजेतला एक आकडा होऊन बसतो, आणि हे मला पटत नाही.

स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये तीन फासे. एक फासा कॉलम ठरवतो: १ ते ३ आले तर फलंदाजाचं कार्ड, ४ ते ६ आले तर पिचरचं. उरलेल्या दोघांची बेरीज ओळ ठरवते. समजा ५ आणि ८ पडले. आता फलंदाज बाजूला. स्पानच्या कार्डावर पाचव्या कॉलममध्ये आठवी ओळ शोधायची. तिथे शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) जाणारा चेंडू आणि पुढे ‘एक्स’ असेल, तर निकाल शॉर्टस्टॉपच्या हाती. १ ते ५ यांपैकी त्याचा दर्जा काय (१ म्हणजे सर्वोत्तम), ते बघून वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि तक्ता पाहायचा. एकाच चेंडूत पिचर, फलंदाज आणि क्षेत्ररक्षक तिघांची गाठ पडते. वेळ थोडा जास्त जातो, पण मेजने झेल घेतला की तो मेजनेच घेतलेला असतो. गोल्ड ग्लव्ह हा उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार १९५७ मध्येच सुरू झाला आणि पहिल्याच यादीत मेज होता. त्याच्या मोसमात ही गोष्ट खेळात दिसायलाच हवी.

स्ट्रॅट-ओ घेतलात तर प्राथमिक नियमांवर फार दिवस थांबू नका. १९५० च्या दशकात ब्रेव्ह्ज स्पानला ब्रुकलिनविरुद्ध शक्यतो खेळवत नसत. तो डावखुरा, आणि डॉजर्सकडे उजव्या हाताने मारणाऱ्यांची फळी: कॅम्पानेला, हॉजेस, फुरिलो, रीज. प्राथमिक खेळात डावा-उजवा हा भेदच नाही, त्यामुळे ही सगळी व्यूहरचना निरर्थक होते. पुढच्या पातळीवर कार्डाची दुसरी बाजू उघडते आणि स्पानला बाकावर का बसवायचं ते कळतं.

आता दोन्ही कार्डवाल्यांची सामायिक पंचाईत. जूनच्या मध्यावर जायंट्सने रेड शोनडिन्स्टला ब्रेव्ह्जकडे दिलं आणि बदल्यात बॉबी थॉमसनसह तिघे घेतले. पण कार्ड सहसा वर्षाचं मिळून एकच असतं. एप्रिलमध्ये शोनडिन्स्ट जायंट्सच्या गठ्ठ्यात ठेवायचा हे तुम्हीच लक्षात ठेवायचं. त्याहून मोठी डोकेदुखी बॉब हेझल. ब्रेव्ह्जचा बिल ब्रूटन जुलैत जखमी झाला, म्हणून याला खालच्या लीगमधून बोलावलं आणि पठ्ठ्याने १३४ ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांत) .४०३ ची सरासरी ठोकली, म्हणजे दहातल्या चार पाळ्यांत हिट. त्याचं कार्ड सोन्याचं आहे. एप्रिलपासून रोज खेळवलंत तर थांबवणारं कोणी नाही, फक्त तुमचा मोसम १९५७ चा राहणार नाही. ॲट-बॅट मोजायची वही लागतेच.

ही वही ज्यांना नको त्यांच्यासाठी आउट ऑफ द पार्क. जर्मनीच्या मार्कुस हाइन्झोन यांचा हा संगणकावरचा खेळ, पहिली आवृत्ती १९९९ ची. १८७१ पासूनचा कुठलाही मोसम उघडता येतो. खरे सौदे खऱ्या तारखांना होऊ द्यायचे आणि खऱ्या लाइनअप वापरायच्या, अशी सोय आहे. शोनडिन्स्ट आपोआप मिलवॉकीला पोचतो. क्षमता ठरवताना फक्त त्याच वर्षाचे आकडे धरायचे की आगेमागेच्या वर्षांची सरासरी, हेही तुमच्या हातात. सरासरी धरली तर हेझल साधा खेळाडू होऊन बसतो (१९५८ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही, म्हणजे संगणकाचं चुकत नाही). अख्खी लीग काही मिनिटांत संपवता येते, वाटलं तर मोसम वीसदा चालवून सेंट लुइस किती वेळा पहिलं येतं तेही बघता येतं. एकेक सामना चेंडूगणिक खेळता येतो, पण इतकी बटणं नि तक्ते समोर असताना तेवढा संयम फार थोड्यांकडे उरतो. बहुतेक जण ऑगस्टपर्यंत येऊन ‘पुढे चालवा’ दाबतात.

संगणकावरच पण अस्सल पुनरावृत्ती हवी असलेले डायमंड माइंडचं नाव घेतात. टॉम टिपेट यांच्या या खेळाचा हिशोब बारकाईचा, दिसायला मात्र रुक्ष.

माझा कौल असा. एक संघ, एक मोसम आणि रोजचा अर्धा तास असेल तर स्ट्रॅट-ओ-मॅटिक, डाव्या-उजव्याच्या नियमांसह. ६१६ च्या ६१६ सामने फाशांवरच खेळायची जिद्द असेल तर ॲप्बा, कारण तिथे वेगाला पर्याय नाही. ‘कॅम्पानेलाची कारकीर्द संपवणारा जानेवारी १९५८ मधला अपघात टळला असता तर डॉजर्सचं पुढे काय झालं असतं’ असल्या प्रश्नांसाठी आउट ऑफ द पार्कच. पुण्या-नागपुरात बसून मागवणार असाल तर आणखी एक: कार्डांचा खोका अमेरिकेहून येतो, टपालखर्च आणि कस्टम मिळून किंमत चांगलीच फुगते. न्यू जर्सीत भाऊबहीण असतील तर त्यांच्या पत्त्यावर मागवा. कार्डं पातळ असतात, बॅगेत सहज बसतात.