वाशीचा बोर्ड गेम कॅफे: बाबा अमेरिका, मी रशिया

साडेतीन स्टार देतेय. अर्धा स्टार चहामुळे गेला आणि एक सोंगट्यांमुळे, ते खाली सांगते. बाकी जागा मस्त आहे, जाच.

आमचे बाबा ७१ वर्षांचे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं काढली, युनियन लाल बावट्याची, त्यामुळे अमेरिकेबद्दल घरात काय बोललं जायचं ते विचारूच नका. आता रविवारी दुपारी बातम्या लावून बसतात आणि अमेरिकेने कुठे काही केलं, कुणावर बॉम्ब टाकला, कुणाशी हात मिळवला, की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "तिकडे निवडणूक जवळ आली असणार, बघ." तिकडे दर दोन वर्षांनी कसली ना कसली निवडणूक असतेच म्हणा, त्यामुळे बाबा सहसा चुकत नाहीत.

तर त्यांना टीव्हीसमोरून उठवायचं म्हणून ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर पकडली आणि वाशीला या कॅफेत आणलं. माझ्या ऑफिसची पोरं इथे येतात, त्यांच्याकडून कळलं होतं की इथे ट्वायलाइट स्ट्रगल आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा दोघांचा गेम आहे, २००५ साली आलेला, एक जण अमेरिका आणि एक जण सोव्हिएत रशिया, मधे जगाचा नकाशा, दुसरं महायुद्ध संपल्यापासून १९८९ पर्यंतचं शीतयुद्ध दहा फेऱ्यांत. नाव केनेडीच्या १९६१ च्या शपथविधीच्या भाषणातल्या शब्दांवरून घेतलंय. बोर्ड गेमवाल्यांच्या दुनियेत बरीच वर्षं हा एक नंबरवर होता.

मला वाटलं बाबा रशिया घेणार, त्यात विचारायचं काय. तर म्हणाले, "तू घे रशिया. मी आयुष्यभर घेतला, काय मिळालं? आज अमेरिका होऊन बघतो."

इथला गेम समजावणारा मुलगा हुशार आहे, पण पाऊण तासाचे नियम दहा मिनिटांत सांगतो, समोर ७१ वर्षांचा माणूस बसलाय हे जरा बघा की. शेवटी मीच बाबांना मेंढीकोटच्या भाषेत सांगितलं. पत्त्यावर आकडा असतो, तेवढ्या सोंगट्या नकाशावर लावायच्या, नाहीतर पत्त्यावर लिहिलेली घटना घडवायची. गोम अशी की तुमच्या हातात समोरच्याच्या फायद्याचे पत्तेही येतात, आणि असा पत्ता तुम्ही सोंगट्यांसाठी जरी टाकला तरी त्याची घटना घडतेच. म्हणजे स्वतःच्या हाताने दुश्मनाचं भलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या मॅनेजमेंटसारखं," आणि त्यांना एका झटक्यात कळलं.

पहिल्या फेरीपासून बाबांचं सगळं लक्ष भारतावर. जपान, पश्चिम जर्मनी, इटली सगळं वाऱ्यावर. पण अमेरिकेच्या सोंगट्या सुरुवातीला भारताच्या आसपास नसतात, जवळची एक इराणमध्ये, त्यामुळे इराणवरून पाकिस्तान आणि पाकिस्तानातून भारत असं सरकावं लागतं. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मला भारतात यायला पाकिस्तानातून यावं लागतंय?" मग स्वतःच म्हणाले, अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन, त्याचं तरी काय वेगळं होतं, त्याला चीनला जायचं होतं आणि दार पाकिस्तानचं होतं. खरंच आहे ते. जुलै १९७१ मध्ये निक्सनचा सल्लागार किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला गेला होता, इकडे पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि अमेरिका पाकिस्तानच्या लष्करशहा याह्याखानला दुखवायला तयार नव्हती. ऑगस्टमध्ये इंदिरा गांधींनी रशियाशी करार केला, डिसेंबरमध्ये अमेरिकेचं एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन चीनमध्ये, मे मध्ये मॉस्कोत, आणि नोव्हेंबरात पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकून परत अध्यक्ष. बाबा बोटं मोडत महिने मोजत होते आणि बाजूच्या टेबलावरची कॉलेजची पोरं आपला गेम सोडून ऐकत होती.

पुढच्याच फेरीत माझ्या हातात भारत-पाकिस्तान युद्धाचा पत्ता. नियम असा की कोण कुणावर चढाई करणार ते पत्ता टाकणाऱ्याने ठरवायचं, फासा चांगला पडला तर त्या देशातल्या समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या तुमच्या. भारत बाबांच्या ताब्यात होता. मग काय, मी रशिया असून पाकिस्तानला भारतावर सोडलं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, लाज वाटत नाही?" फासा टाकला, दोन. चार तरी लागतात. बाबांनी इतक्या जोरात टाळी वाजवली की काउंटरवरची मुलगी बघायला आली काय झालं म्हणून.

आता सोंगट्यांचं. जाड पुठ्ठ्याच्या असतात, लाल आणि निळ्या, आकडे छापलेल्या. डब्यात निळ्या कमी आहेत. मधल्या फेऱ्यांत बाबांच्या संपल्याच, मग आम्ही रुपयाची नाणी ठेवली, दक्षिण कोरियावर एक रुपया, इराणवर दोन रुपये. बाबा म्हणाले डॉलर पाहिजे होता. गंमत ठीक आहे, पण तासाला माणशी १२० रुपये घेताय तर डबा परत येतो तेव्हा मोजून ठेवा ना. आणि हा तीन-साडेतीन तासांचा गेम आहे, त्याला तासावर पैसे लावले तर दोघांचे साडेआठशेच्या आसपास जातात, खाणं वेगळं. लांब गेमला अर्ध्या दिवसाचं काही पॅकेज काढा. टेबल पण छोटं आहे, नकाशा मांडला की कोल्ड कॉफी मांडीवर धरून बसायचं.

पण बाबांची खरी तक्रार वेगळीच होती आणि ती मला अजून पटतेय, म्हणून लिहिते. पत्त्यांमध्ये केनेडी आहे, निक्सन आहे, रेगन आहे. किचन डिबेटचा पत्ता तर भारीच, १९५९ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकन प्रदर्शनात नमुन्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून निक्सन आणि रशियाचा नेता ख्रुश्चेव्ह भांडले होते ना, त्यावरचा. त्यात चक्क लिहिलंय की समोरच्याच्या छातीवर बोट टोचा आणि दोन गुण घ्या. बाबांनी माझ्या कपाळावर टोचलं. तर एवढं सगळं आहे, मग बाबांनी त्या मुलाला विचारलं, "बाळा, यात निवडणुकीचा पत्ता कुठला?" तो म्हणाला, "काका, तसा नाहीये." बाबा म्हणाले, "मग अर्धा गेम घरी राहिला तुमचा."

मी आधी हसले. घरी आल्यावर मात्र रात्री वाचत बसले. १९६० ची निवडणूक घ्या. केनेडी सगळीकडे सांगत फिरला की क्षेपणास्त्रांत रशिया आपल्या पुढे गेलाय, प्रत्यक्षात पुढे होती ती अमेरिका. आणि निकालात निक्सनपेक्षा त्याला देशभर मिळून सव्वा लाखाहूनही कमी मतं जास्त. त्याच वर्षी १ जुलैला रशियाने अमेरिकेचं एक टेहळणी विमान पाडलं होतं, त्यातले वाचलेले दोघे मॉस्कोच्या ताब्यात. ख्रुश्चेव्हने त्यांना निवडणुकीआधी सोडलंच नाही, कारण त्याचं श्रेय निक्सनच्या पक्षाला गेलं असतं, सोडलं ते जानेवारीत केनेडीची शपथ झाल्यावर. वर जून १९६१ मध्ये व्हिएन्नात भेटल्यावर त्याला ऐकवलं की तुमच्या विजयात आमचंही मत आहे. म्हणजे बघा, रशियाचा माणूस अमेरिकेच्या निवडणुकीत खेळी करतोय आणि गेममध्ये रशियाकडे त्यासाठी एक पत्ता नाही.

क्युबाचं तर सगळ्यांना माहीत असतं, रशियाने तिथे अणुक्षेपणास्त्रं ठेवली आणि अमेरिकेशी युद्ध पेटता पेटता राहिलं, ऑक्टोबर १९६२, तेरा दिवस. पण ते मिटलं तेव्हा तिकडच्या संसदेची निवडणूक नऊ दिवसांवर होती, हे मी कधी जोडून पाहिलंच नव्हतं. तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचं केनेडीने कबूल केलं होतं पण अट अशी की बाहेर बोलायचं नाही, आणि पुढच्या वर्षी ती गुपचूप निघाली. लोकांना दिसलं ते एवढंच की ख्रुश्चेव्हने माघार घेतली. ख्रुश्चेव्हला ते महागात पडलं, ऑक्टोबर १९६४ मध्ये त्याच्याच पक्षाने त्याला घरी बसवलं, क्युबा हे त्यातलं एक कारण. मतदान नाही, प्रचार नाही. बाबा यावर म्हणाले की आमच्या युनियनमध्येही हात वर करून निवडणूक व्हायची आणि नाव आदल्या रात्रीच ठरलेलं असायचं, तिकडे मतदान नव्हतं म्हणून राजकारण नव्हतं असं कुणी समजू नये. रशियाला अध्यक्ष या नावाचा माणूस मिळाला तोच मुळी मार्च १९९० मध्ये, गोर्बाचेव्ह, आणि तोही लोकांच्या मतांनी नाही, प्रतिनिधींच्या. दीड-पावणेदोन वर्षांत देशच राहिला नाही. लोकांनी थेट मत दिलं ते येल्त्सिनला, जून १९९१ मध्ये, तेही फक्त रशियाच्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष म्हणून. गोर्बाचेव्हच्या खाली तेव्हापासूनच खुर्ची हलायला लागली असणार.

गव्हाचा पत्ता निघाला तेव्हा मात्र बाबा जरा गप्प झाले. अमेरिका रशियाला धान्य विकते असा पत्ता आहे, बाबांच्या हातात आला. १९७२ च्या दुष्काळात ते सोलापूरकडे गावी होते, अठरा वर्षांचे, दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनवर अमेरिकेची मिलो मिळायची, लालसर ज्वारी, तिची भाकरी थापली की कडा फाटायच्या आणि गार झाली की चामडं. पत्ता हातात धरून म्हणाले, "आम्ही मिलो खात होतो तेव्हा हे रशियाला गहू विकत होते होय." विकत होतेच, १९७२ मध्येच मोठा सौदा झाला होता. आणि हाच गहू पुढे निवडणुकीच्या प्रचारात आला. रशिया अफगाणिस्तानात घुसला म्हणून अध्यक्ष कार्टरने जानेवारी १९८० मध्ये धान्य विक्री थांबवली, अमेरिकेतले शेतकरी चिडले, त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या रेगनने प्रचारात सांगितलं मी बंदी उठवतो, आणि एप्रिल १९८१ मध्ये उठवली. रेगन! ज्याने दोन वर्षांनी रशियाला दुष्ट साम्राज्य म्हटलं तोच. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग? शेतकऱ्याचं मत आहे ते."

गेमचा शेवट कसा झाला ते सांगते, नाहीतर गेम घेणारे म्हणतील अर्धवट लिहिलं. डेफकॉन नावाची एक पट्टी असते, पाचवर शांतता, एकवर अणुयुद्ध. मोक्याच्या देशात कुणी उठाव केला की ती एकाने उतरते. खऱ्या आयुष्यात क्युबाच्या वेळी अमेरिकेचं बॉम्बर दल दोनवर आलं होतं. ज्याच्या चालीत एक होतं तो हरला, गुण कितीही असोत. पाचव्या फेरीत मी सात गुणांनी पुढे, पट्टी दोनवर, मी उठाव वगैरे करतच नव्हते, शहाण्यासारखं आफ्रिकेत सोंगट्या लावत होते. त्यासाठी एक तीनचा पत्ता टाकला. पत्ता अमेरिकेचा, डक अँड कव्हर. पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत पोरांना बाकाखाली लपायची प्रॅक्टिस द्यायचे, त्यावरचा. आणि त्याची घटना काय, तर डेफकॉन एकाने खाली. मी अंगोलात सोंगटी ठेवायला हात पुढे केला आणि तो मुलगा मागून म्हणाला, "ताई, जग संपलं."

साडेतीन तास. आणि जग कशाने संपलं तर शाळेच्या बाकाने.

बाबा इतके खूश की बिल त्यांनी दिलं. आणि आता चहा. मेन्यूवर सतरा प्रकारच्या कॉफ्या, ग्रीन टी, आइस टी, कसला तरी निळा चहा पण आहे, आपला साधा दुधाचा चहा नाही. बाबांनी दोनदा विचारलं, दोनदा ग्रीन टी आणू का असं उत्तर. शेवटी खाली उतरून टपरीवर कटिंग मारली. एसी पण पेंग्विन ठेवल्यासारखा, शाल घेऊन जा.

पुढच्या रविवारी चारचं टेबल परत बुक केलंय, या वेळी बाबा रशिया घेणार आहेत. कॅफेवाल्यांनी हे वाचलं तर दोन गोष्टी: निळ्या सोंगट्या बघा, आणि चहा थर्मासमधून घरून आणला तर चालेल का ते आधी कळवा, बाबा विचारतायत.